पद्मिनीचे इंजिन आणि हिवाळा : एका दुरुस्ती-परंपरेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मोटारीचा इतिहास बहुधा कारखान्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो. गाडी रस्त्यावर आल्यानंतर स्थानिक हवामानानुसार तिच्यात जे बदल होत गेले, त्यांची नोंद क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखात प्रीमियर पद्मिनीच्या आधारे, हिवाळ्यात इंजिन पुरेसे ऊबदार ठेवण्याच्या प्रश्नाचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ मध्ये आलेली 'फियाट ११०० डिलाइट' हीच गाडी पुढे 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ च्या सुमारास 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली गेली. १०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे, चार सिलिंडरचे व पाण्याने थंड होणारे तिचे इंजिन मूळचे इटलीतील; अर्थात कडक हिवाळा गृहीत धरून घडविलेले होते.

थर्मोस्टॅटचा प्रश्न

थर्मोस्टॅट ही उष्णतेने उघडणारी झडप होय. पाणी पुरेसे तापेपर्यंत ती बंद राहते आणि पाणी रेडिएटरकडे जात नाही. त्यामुळे इंजिन लवकर कार्यक्षम तापमानाला पोहोचते. मुंबईच्या उकाड्यात व वाहतुकीच्या कोंडीत इंजिन तापण्याचीच धास्ती मोठी. म्हणून अनेक मेकॅनिक ही झडप काढून टाकीत. उन्हाळ्यापुरता हा उपाय सोयीचा वाटे; परंतु त्यामुळे पाणी सदैव रेडिएटरमधून फिरत राही.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील तळवलीसारख्या दमट, खाडीलगतच्या गावात याचे परिणाम सहसा जाणवत नाहीत. सांताक्रूझ येथे जानेवारी १९६२ मध्ये नोंदले गेलेले ७.४ अंश सेल्सिअस तापमान हा अपवादच. मात्र पहाटे कसारा घाट चढून नाशिककडे जाणाऱ्या गाडीची स्थिती निराळी असते. चढावर इंजिन तापते. पठारावरील गार वाऱ्यात, विशेषतः परतीच्या उतारावर, ते निवते. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा त्यात भरच घालतो. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, चोक अधिक वेळ ओढावा लागतो, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन काढते आणि ज्वलनातील बाष्प तेलात साचून गाळ होतो. रेडिएटरचा काही भाग पुठ्ठ्याने झाकणे हा यावरील जुना उपाय होय. तथापि ऊन चढताच पुठ्ठा काढण्याचे भान ठेवावे लागते.

निष्कर्ष

ताडदेव येथे २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. आता उरलेल्या गाड्या हौशी मालकांकडे असून त्या बहुधा थोड्याच अंतरासाठी बाहेर पडतात. अशा फेरीत इंजिन पुरते तापतच नाही; म्हणजे रोज राबणाऱ्या टॅक्सीपेक्षा जपून ठेवलेल्या गाडीलाच हा धोका अधिक. रेडिएटर स्वच्छ करून थर्मोस्टॅट पुन्हा बसविणे, हाच त्यावरील योग्य मार्ग होय.

झडप का काढली व केव्हा परत बसवावी, याचे ज्ञान वृद्ध कारागिरांच्या स्मरणात आहे. मौखिक इतिहासाच्या पद्धतीने ते वेळीच नोंदवून ठेवणे हे स्थानिक महाविद्यालयांच्या सहज आवाक्यातील कार्य आहे. कारागीर गेले, तर गाडी उरेल. तिला चालती ठेवणारी विद्या मात्र उरणार नाही.