राजांच्या दरीतील ग्रीक प्रवासी

ईजिप्तच्या राजसमाधी पाहावयास जाण्याची हौस आधुनिक नव्हे. थीबीजसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावरील राजांच्या दरीत ग्रीक व रोमन प्रवाशांनी भिंतींवर कोरलेले अथवा शाईने लिहिलेले दोन हजारांहून अधिक लेख आहेत. झ्यूल बाये या फ्रेंच पंडिताने ते १९२० ते १९२६ या काळात प्रसिद्ध केले. त्यांतील सुमारे निम्मे एकट्या सहाव्या रामसेसच्या समाधीत आढळतात. ही समाधी ट्रॉयच्या युद्धातील वीर मेम्नॉनची, अशी त्यांची समजूत होती. बहुतेकांनी आपले नाव व विस्मय एवढेच नोंदविले आहे. इ. स. ३२६ मध्ये आलेला एल्यूसिसचा मशालधारी पुरोहित निकागोरस याने प्लेटोचे स्मरण केले. एकाने मात्र ही लिपी आपणांस वाचता येत नाही, अशी कबुली दिली आहे. विस्मयाच्या शेकडो उद्गारांहून ती अधिक मोलाची होय. वस्तुतः लिपीचे जाणकार अद्याप हयात होते. चित्रलिपीतील शेवटचा ज्ञात लेख फिली येथील, इ. स. ३९४ चा आहे. किंबहुना मेम्नॉनविषयीचा गैरसमजही वाचनातूनच उपजला असावा. सहाव्या रामसेसने धारण केलेले 'नेबमात्रे' हे राजनाम तिसऱ्या आमेनहोतेपचेही होते, आणि आमेनहोतेपच्या एका महापुतळ्यास ग्रीक लोक मेम्नॉन म्हणत.