श्रीपूर : नगरवर्णन, नकाशा आणि उत्खनन

रायपूरच्या पूर्वेस, महानदीच्या काठी असलेले सिरपूर म्हणजे दक्षिण कोसलाच्या पांडुवंशी राजांची राजधानी श्रीपूर. दंडीने नगरवर्णनाला महाकाव्याच्या लक्षणांत स्थान दिले. परंतु श्रीपूरच्या लक्ष्मण मंदिरातील कवी ईशानाच्या प्रशस्तीत रस्ते, बाजार वा प्राकार यांना फारसे महत्त्व नाही. तेथे आहे ते राजकुल, पती हर्षगुप्ताच्या निधनानंतर राणी वासटेने उभारलेले विष्णुमंदिर, आणि दान दिलेल्या गावांच्या उत्पन्नाची काटेकोर वाटणी. काव्याने मोकळी ठेवलेली ही जागा पुढे इतरांनी भरली.

पहिले चित्र परक्याचे आहे. सातव्या शतकात कोसलात आलेल्या ह्युएन त्संगाने राजधानीचा घेर चाळीस ली, विहार सुमारे शंभर आणि भिक्षू दहा हजारांहून काहीसे कमी असे सांगितले; नगराचे नाव मात्र दिले नाही. त्या निनावी आकड्यांना भूमी शोधताना एकोणिसाव्या शतकातील विद्वान विदर्भात उतरले. कनिंगहॅम यांनी 1871मध्ये चांद्याचा पक्ष घेतला, फर्ग्युसन यांनी वैरागडचा. म्हणजे काही काळ कोसलाची राजधानी आजच्या मराठी मुलखात नांदत होती, केवळ नकाशावर! 1881-82च्या दौऱ्यात कनिंगहॅम प्रत्यक्ष सिरपूरला पोहोचले. तेथे डोळ्यांत भरते ते लक्ष्मण मंदिराचे विटांचे शिखर. मंडप ढासळलेला आहे. त्यामुळे कोणत्याही रेखाटनात वा छायाचित्रात शिखर उरते आणि नगर चौकटीबाहेर जाते.

हे नगर चौकटीत आणण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांना द्यावे लागेल. 1953 ते 1956 या काळात त्यांनी केलेल्या उत्खननात महाशिवगुप्त बालार्जुनाच्या कारकिर्दीत भिक्षू आनंदप्रभूने स्थापिलेला विहार उजेडात आला. अंगण, त्याभोवतीच्या कोठड्या, भूमिस्पर्श मुद्रेतील बुद्ध यांतून साकारणारे चित्र भव्यतेचे नसून वास्तव्याचे आहे. मात्र या विहारामुळे चिनी प्रवाशाचे आकडे आपोआप सिद्ध होत नाहीत, हे अनेकदा विसरले जाते.

2000 नंतर अरुणकुमार शर्मा यांच्या उत्खननांनी चित्र पुन्हा पालटले. बाजारपेठ पुढे आली. सुरंग टीला येथील मंदिराच्या खचलेल्या, वाकलेल्या पायऱ्यांवरून त्यांनी भूकंपाचा निष्कर्ष काढला आणि त्याला महानदीच्या पुराची जोड दिली. पायऱ्यांचे वाकणे प्रत्यक्ष दिसते. त्यावरून संपूर्ण नगराचा अंत सांगणे ही मात्र कथनाची झेप आहे. सत्ताकेंद्र कलचुरींच्या तुम्माण-रतनपूरकडे सरकल्यावर नगर हळूहळू ओसरले असेल, या पर्यायाला असे दृश्य नाही. त्यात एकही नाट्यमय रात्र नाही. चित्रकाराला रंगवायला भूकंप सोपा. दानाच्या गावांचे उत्पन्न कोणत्या वर्षी थांबले, हे रंगवायचे कसे?