मायक्रोमीटर तोच, कलम तिसरे

पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक इतिहास लिहिताना यंत्रे आणि कंपन्या यांचा हिशेब नीट मांडला जातो. १९५४ चे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९६२ ची एमआयडीसी, आकुर्डीचा बजाज, १९६६ ची टेल्को आणि २००९ च्या सुमारास चाकणला उतरलेल्या फोक्सवॅगन, मर्सिडीज अशी ती यादी असते. फायलींचा इतिहास मात्र कुणी लिहीत नाही. वास्तविक १९९० च्या दशकापासून भोसरी, तळवडे, कुरुळी भागातल्या व्हेंडरच्या कपाटात जी जाडजूड फाइल येऊन बसली, त्या क्वालिटी मॅन्युअलने या पट्ट्यातल्या कामाची पद्धत कमी बदललेली नाही. शिवाय त्या फाइलची दर काही वर्षांनी नवी आवृत्ती निघत गेली. प्रत्येक वेळी कारखान्यांत धावपळ उडाली, कन्सल्टंट आले, शिक्के बदलले. माझे म्हणणे असे, की ही धावपळ नव्या आवृत्तीमुळे तितकीशी झाली नाही. जुनी आवृत्ती कारखान्याने कशी लिहून घेतली होती, त्यामुळे जास्त झाली.

ही फाइल ज्या मानकाबरहुकूम लिहिली जाई, ते आयएसओ ९००१ पहिल्यांदा १९८७ साली निघाले. १९९४ ची सुधारणा किरकोळ होती. वीस कलमे होती तशीच राहिली. २००० साली मात्र सगळा सांगाडाच मोडला. वीस कलमांच्या जागी आठ प्रकरणांची, प्रक्रियेवर उभी असलेली रचना आली. २००८ ची सुधारणा पुन्हा किरकोळ. सप्टेंबर २०१५ मध्ये परत उलथापालथ झाली: प्रकरणे दहा, 'जोखीम' हा नवा मंत्र, मॅन्युअलची सक्ती गेली आणि एमआर, म्हणजे मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह, हे पदच मजकुरातून नाहीसे झाले. ज्या माणसाच्या नावावर ऑडिटचे सगळे ओझे असे, त्याची खुर्चीच मानकाने काढून घेतली. बहुतेक ठिकाणी तो माणूस तिथेच राहिला आणि त्याला एमआरच म्हणत राहिले, हा भाग वेगळा.

हे बदल कारखान्यात कसे पोचतात ते पाहायला एक मायक्रोमीटर पुरे. टर्निंगच्या कामात शाफ्टचा व्यास मोजायचा तर तो ठरल्या मुदतीत कॅलिब्रेट झालेला हवा, त्यावर पुढच्या तारखेची चिठ्ठी हवी आणि रजिस्टरमध्ये नोंद हवी. १९९४ च्या आवृत्तीत हे काम ४.११ या कलमाखाली येई, २००० मध्ये ते ७.६ झाले आणि २०१५ मध्ये ७.१.५. मायक्रोमीटर तोच, चिठ्ठी तीच, मोजणारा हातही तोच. ज्यांच्या रजिस्टरवर फक्त 'गेज व उपकरणांचे कॅलिब्रेशन' असे लिहिले होते, त्यांना काहीच करावे लागले नाही. ज्यांनी कार्यपद्धतीला 'क्यूपी ४.११' असा क्रमांक दिला होता आणि तोच क्रमांक फॉर्मवर, ड्रॉइंगच्या यादीत, ट्रेनिंगच्या नोंदीत सगळीकडे घातला होता, त्यांना प्रत्येक पानाचा रिव्हिजन क्रमांक वाढवून, जुन्या प्रती परत मागवून, त्यांवर 'ऑब्सोलिट' आणि नव्यांवर 'कंट्रोल्ड कॉपी' असे शिक्के मारत बसावे लागले. २०१५ मध्ये पुन्हा तेच.

यावर कुणी म्हणेल, लघुउद्योजकाकडे दुसरा पर्याय काय होता? ऑडिटर कलमांच्या क्रमाने विचारणार, गिऱ्हाईक कंपनीचा माणूसही तशीच यादी घेऊन येणार. मग फाइल त्याच क्रमाने लावली तर दुपारच्या चहाआधी ऑडिट उरकते. हा आक्षेप खरा आहे आणि कलमवार मॅन्युअलला मूर्खपणा म्हणणे अन्यायाचे होईल. पण ऑडिटरच्या सोयीसाठी कोणते कलम कुठे सापडेल हे सांगणारा एक पानी तक्ता पुरला असता. आवृत्ती बदलली की तेवढे एक पान बदलायचे. २०१५ च्या मानकाच्या परिशिष्टात तर स्पष्टच म्हटले आहे, की मानकाची रचना आणि शब्दावली संस्थेने आपल्या कागदपत्रांत वापरावी अशी कोणतीही अट नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सगळा बदल क्रमांकांचा नव्हता. नव्वदच्या दशकात गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगबरहुकूम माल करून देणाऱ्यांसाठी, म्हणजे डिझाइन नसलेल्यांसाठी, आयएसओ ९००२ हा वेगळा दाखला होता आणि जॉबवर्क करणाऱ्यांना तो चपखल बसे. २००० साली तो रद्द झाला. आता सगळ्यांना ९००१ च घ्यायचे आणि डिझाइनचे कलम आपल्याला का लागू नाही ते लिहून द्यायचे. वाहन उद्योगात तर एक पाऊल पुढे. डेट्रॉइटच्या तीन कंपन्यांचे १९९४ चे क्यूएस ९०००, जर्मनांचे व्हीडीए ६.१ आणि फ्रेंच, इटालियन मागण्या एकत्र आणण्यासाठी १९९९ मध्ये आयएसओ/टीएस १६९४९ निघाले. त्याच्या २००२ च्या आवृत्तीने बजावले, की सुट्या भागाचे डिझाइन तुमचे नसेल तर वगळा. पण तो भाग बनवण्याच्या प्रक्रियेचे डिझाइन वगळता येणार नाही. म्हणजे 'आम्ही फक्त ड्रॉइंगप्रमाणे करतो' हे उत्तर संपले. फिक्श्चर कसे बसवायचे, कोणते ऑपरेशन आधी, कुठे शंभर टक्के तपासणी, हे सारे तुमचे डिझाइनच आहे असे मानकाने सांगितले. फोरमनच्या डोक्यातले शहाणपण पहिल्यांदा कंट्रोल प्लॅनमध्ये उतरवावे लागले, आणि माझ्या मते या पट्ट्याला आवृत्त्यांनी दिलेली खरी मिळकत ती हीच. मात्र ती त्यांच्याच पदरात पडली ज्यांच्याकडे लिहायला स्वतःची प्रक्रिया होती. कन्सल्टंटने शेजारच्या गाळ्यातल्या फाइलमधले नाव बदलून दिलेल्या मॅन्युअलमध्ये ती कुठून येणार?

ऑक्टोबर २०१६ मध्ये टीएसच्या जागी आयएटीएफ १६९४९ आले. १ ऑक्टोबर २०१७ नंतर जुन्या मानकाचे ऑडिट बंद आणि १४ सप्टेंबर २०१८ ला जुनी सर्टिफिकेटे बाद. मुदत अशी टाचून बांधलेली असते तेव्हा विचार करायला वेळ राहत नाही, आणि मग पुन्हा कलमवार नक्कल होते, हेही मान्य केले पाहिजे. पण मुदत सैल ठेवल्याने हा प्रश्न सुटतो असेही नाही. आयएसओ ९००१ ची २०१५ ची आवृत्ती आली त्याच्या दोन महिन्यांनंतर, नोव्हेंबर २०१५ मध्ये, संकेतस्थळे चालवणाऱ्या द्रुपल या प्रणालीची आठवी आवृत्ती आली. तिचाही सांगाडा नवा होता. सातव्या आवृत्तीवरचे स्थळ आहे तिथेच वर चढवता येत नव्हते, नवे उभारून मजकूर हलवावा लागे. सातव्या आवृत्तीची मुदत पुन:पुन्हा वाढवत अखेर जानेवारी २०२५ मध्ये संपवली. नऊ वर्षे मिळूनही ज्यांनी आपला मजकूर त्या आवृत्तीच्या खास जोडण्यांत गुंतवून ठेवला होता, त्यांचे काम काही सोपे झाले नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आयएसओने ९००१ ला दोन वाक्यांची पुरवणी जोडली: हवामानबदल हा आपल्या संस्थेसाठी संबंधित मुद्दा आहे का, ते ४.१ मध्ये ठरवा आणि संबंधितांच्या त्याबाबत अपेक्षा असू शकतात हे ४.२ मध्ये ध्यानात घ्या. दोनच वाक्ये, पण कपाटातली फाइल कोणत्या जातीची आहे ते त्यांवरून कळते. चिंचवडच्या ज्या प्लेटिंगवाल्याच्या जोखमीच्या तक्त्यात 'आपले काम कशाने बंद पडते' असा रकाना आहे, त्याच्याकडे पवनेचे पाणी कमी येण्याचा आणि उन्हाळ्यात वीज जाण्याचा उल्लेख आधीच असणार. तो त्या ओळीसमोर ४.१ एवढे लिहील. कलमवार फाइलवाला कन्सल्टंटला फोन करून विचारील, तयार परिच्छेद आहे का.