भिन्न धातूंचे जोडकाम

भिन्न धातूंचे जोडकाम : रासायनिक संघटन व भौतिक गुणधर्म वेगवेगळे असलेल्या दोन धातूंचे वा मिश्रधातूंचे भाग एकमेकांना कायमचे अथवा सोडवता येतील असे जोडण्याची क्रिया. उष्णता सहन करणे, वजनाला हलके असणे, न गंजणे, स्वस्त असणे हे सर्व गुण एकाच धातूत क्वचितच आढळतात. त्यामुळे एकाच यंत्रात वा बांधकामात निरनिराळे धातू एकत्र आणावे लागतात. या कामात दोन प्रकारच्या अडचणी येतात. पहिली जोडतानाच, उष्णता दिली असता दिसते. दुसरी जोड वापरात असताना सावकाश, कित्येकदा अनेक वर्षांनी उघड होते. इतिहासात दुसऱ्या अडचणीचा उलगडा आधी झाला व पहिलीवर पुरेशी मात विसाव्या शतकातच करता आली.

प्राचीन काळापासून कथिल व शिसे यांच्या मिश्रधातूचा डाक देऊन निरनिराळे धातू जोडले जात. इंग्लंडमधील शेफील्ड येथे टॉमस बोल्सोव्हर यांनी सु. १७४३ मध्ये चांदी व तांबे उष्णता आणि दाब यांच्या साहाय्याने एकजीव करून त्यांचा पत्रा काढण्याची रीत शोधली. हे दोन्ही धातू एकत्र लाटले जातात, म्हणून ही रीत यशस्वी झाली. सर्व जोड्यांच्या बाबतीत असे घडत नाही.

जहाजांवरील तांब्याचा पत्रा : लाकडी जहाजांच्या तळाला लाकूड पोखरणारे सागरी कृमी लागत, तसेच शिंपले व शेवाळ चिकटून वेग घटत असे. यावर उपाय म्हणून ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या ३२ तोफांच्या युद्धनौकेच्या तळावर तांब्याचा पत्रा बसविला. वेस्ट इंडीजमधील सफरीनंतर १७६३ मध्ये तपासणी झाली, तेव्हा पत्रा अनेक ठिकाणी सुटलेला आढळला. तांबे शाबूत होते; पण ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे गंजून गेले होते. मात्र पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद जेथे खिळा व पत्रा यांच्यामध्ये राहून गेला होता, तेथील खिळे सुस्थितीत होते. खाऱ्या पाण्यात लोखंड व तांबे यांचा प्रत्यक्ष स्पर्श टाळावा, असा निष्कर्ष यावरून निघाला. तरीही तांबे मढविलेल्या नौकांच्या सांगाड्यात लोखंडी बोल्ट वापरले जातच राहिले. ते आतून झिजून नौका धोक्यात येऊ लागल्यावर १७८० नंतरच्या दशकात त्यांच्याऐवजी तांब्याच्या मिश्रधातूंचे बोल्ट आले.

या घटनेचे कारण १८०० मध्ये आलेस्सांद्रो व्होल्टा यांच्या विद्युत् घटमालेनंतर स्पष्ट होऊ लागले. दोन भिन्न धातू एकमेकांना टेकलेले असून दोन्ही खारट पाण्यात भिजलेले असले, तर त्यांचा विद्युत् घट बनतो. त्यात अधिक क्रियाशील धातू झिजतो व दुसरा सुरक्षित राहतो. झिजणाऱ्या धातूचे क्षेत्रफळ दुसऱ्याच्या मानाने जितके लहान, तितकी झीज तीव्र होते. लहान खिळा व विस्तीर्ण पत्रा ही रचना म्हणूनच घातक ठरली.

सर हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये याच तत्त्वाचा उलटा उपयोग केला. तांब्याला जस्ताचे वा लोखंडाचे तुकडे जोडले, तर ते झिजतात व तांबे वाचते, हे त्यांनी दाखविले. प्रयोग रसायनशास्त्राच्या दृष्टीने यशस्वी झाला. परंतु तांबे विरघळेनासे झाल्यामुळे सागरी जीवांना मारक असा त्याचा परिणामही थांबला आणि तळाला शिंपले चिकटू लागले. नौदलाला हा उपाय सोडून द्यावा लागला. पुढे पोलादी जहाजे व भूमिगत नळ यांच्या रक्षणासाठी मात्र तोच सर्वमान्य झाला.

न्यूयॉर्क बंदरातील स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यात (१८८६) हा प्रश्न पुन्हा उद्भवला. त्याचे बाह्य कवच सु. २·४ मिमी. जाडीच्या तांब्याच्या पत्र्याचे व आतील सांगाडा लोखंडाचा होता. दोहोंच्या मध्ये लाखेत भिजविलेले ॲस्बेस्टस घातले होते. म्हणजे धोका ठाऊक होता. कालांतराने हा थर झिजला, लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या व रिव्हेटे उखडू लागली. १९८४–८६ मधील दुरुस्तीत सु. १,८०० पट्ट्या बदलून अगंज (स्टेनलेस) पोलादाच्या बसविल्या व त्या तांब्यापासून अलग ठेवण्यासाठी टेफ्लॉनची पट्टी वापरली.

वितळजोडकाम : एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात निकोलाय बेनार्दोस यांनी विद्युत् प्रज्योतीने धातू वितळवून जोडण्याची पद्धत पुढे आणली. १९४१ च्या सुमारास अमेरिकेत रसेल मेरिडिथ यांनी टंगस्टन विद्युत् अग्र व हीलियम वायूचे आवरण वापरून हलक्या धातूंचे जोडकाम साध्य केले. यातूनच आजची टिग पद्धत विकसित झाली. साधे व अगंज पोलाद यांचा जोड तडकू नये यासाठी भरणधातू कसा निवडावा, हे अँटन शेफलर यांच्या १९४९ मधील आकृतीवरून ठरविता येऊ लागले. ॲल्युमिनियम व पोलाद यांचा प्रश्न मात्र वेगळा होता. ॲल्युमिनियम ६६०° से. ला, तर लोखंड १,५३८° से. ला वितळते. शिवाय दोन्ही वितळून मिसळल्यास लोह व ॲल्युमिनियम यांची ठिसूळ संयुगे तयार होतात व जोड थोड्याशा ताणाने तुटतो. यावर तोडगा न वितळविता जोडण्याचा निघाला. १९५६ मध्ये सोव्हिएट रशियात घर्षण जोडकाम पुढे आले. स्फोटाच्या दाबाने पत्रे जोडण्याच्या पद्धतीला अमेरिकेत १९६४ मध्ये एकस्व मिळाले. अशा रीतीने तयार केलेल्या द्विधातू पट्टीची एक बाजू पोलादाला व दुसरी ॲल्युमिनियमला जोडता येते. जहाजाच्या पोलादी सांगाड्यावर ॲल्युमिनियमची वरची बांधणी अशीच बसवितात.

टर्बोचार्जर व त्याच्या नळ्या : या सर्व अडचणी मोटारगाडीच्या टर्बोचार्जरमध्ये एकत्र येतात. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या साधनाचे एकस्व घेतले; १९६२ मध्ये अमेरिकेत ते विक्रीच्या मोटारगाड्यांत आले. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंवर टरबाइन फिरते व ते हवा दाबून एंजिनात पाठविते. पेट्रोल एंजिनात या वायूंचे तापमान ९००° से. च्या वर जाऊ शकते, म्हणून टरबाइनचे चाक निकेलाच्या मिश्रधातूचे असते व ते घर्षणाने किंवा इलेक्ट्रॉन शलाकेने पोलादी दंडाला जोडतात. दुसऱ्या टोकाचे ॲल्युमिनियमचे चाक सामान्यतः नटाने आवळलेले असते.

खास बनविलेल्या नळ्यांच्या कामातही हीच विभागणी पाळली जाते. उष्ण बाजूस अगंज पोलादाची नळी व साध्या पोलादाची जोडकडी (फ्लँज) असल्यास जास्त क्रोमियम-निकेल असलेला ३०९एल हा भरणधातू वापरतात. ५००° से. ने तापल्यावर १ मी. लांबीची अगंज पोलादाची नळी सु. ९ मिमी. व साध्या पोलादाची सु. ७ मिमी. वाढते, हा फरक पोटात घेण्यासाठी लवचिक घडीदार तुकडा बसवितात, अन्यथा जोडाच्या कडेला तडा जातो. थंड बाजूस हवा थंड करणारे साधन ॲल्युमिनियमचे असते. ते पोलादी नळीला वितळवून जोडण्याऐवजी सिलिकोनी रबराची नळी व पट्टा वापरतात. तिच्यामुळे प्रसरण सामावते, कंपने शोषली जातात व धातूंचा परस्परस्पर्शही टळतो. ‘अलार्म’ नौकेवरील कागदाने योगायोगाने केलेले कार्य येथे योजनापूर्वक साधले जाते. किनाऱ्यावरील खारट हवेत व पावसाळी चिखलात या अलगपणाला विशेष महत्त्व असते. कारण बसविताना पक्का वाटणारा जोड पुढेही पक्का राहील, याची खात्री केवळ त्याच्या बळकटीवरून देता येत नाही.