पाटसचा माळ आणि कारखान्यांची जागा

कारखाना कोठे निघावा हे कोण ठरवितो? रेल्वे ठरविते, असे आपल्याकडे पुष्कळांचे मत आहे. पाटसकडे पाहिले म्हणजे हे मत जरा तपासून घ्यावे लागते. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग १८६० पूर्वीच या शिवारातून गेला. शेजारच्या दौंडला १८७८ साली मनमाडचा फाटा मिळाला. सोलापूरच्या हमरस्त्यावरून बारामतीची वाटही येथेच फुटते. एवढे दळणवळण हाताशी असूनही कित्येक पिढ्या येथे ज्वारी-बाजरीच पिकत राहिली आणि मालगाड्या शिटी देऊन पुढे गेल्या.

आमच्या मते खरा निर्णय असतो तो जमीन ज्याच्या ताब्यात त्याचा. बेळगावचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. पण त्याचा विचार या अंगाने क्वचितच होतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगरांचा कारखाना जेथे होता, ती जागा नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी हवी होती. नगरपालिकेने कायद्याबाहेर काही केले नाही. गावाची वाढ म्हणजे घरे, एवढेच तिच्या आराखड्यात होते. कारखानाही गावाचाच, हे त्यात बसत नव्हते. उलट औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकर माळ दिला, दहा हजार रुपये बिनव्याजी दिले, आणि १९१० साली निवडुंगाच्या रानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. स्टेशन तेथे आधीपासूनच होते. ते असूनही माळ ओसाडच होता, हे विसरता कामा नये.

आता संस्थानिक नाहीत. त्यांची जागा कोणी घेतली? १९६२ साली महाराष्ट्रात तीन महिन्यांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. १ मे रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या, आणि १ ऑगस्ट रोजी औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. शाळा, दवाखाने, गावरस्ते लोकांनी निवडलेल्या सभासदांकडे आले. कारखान्यांसाठी जमीन संपादन करणे, भूखंड पाडणे, पाणी आणणे हे काम महामंडळाकडे गेले. या वाटणीचा लाभ मोठा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. एखाद्या ग्रामपंचायतीला विजेचे उपकेंद्र आणि कोसभर लांबीची जलवाहिनी कोठून झेपणार? परंतु ज्या गावाची जमीन जाते त्याच्या हाती ठराव आणि हरकत एवढेच उरले.

त्याचा परिणाम पाटसपासून जवळच, कुरकुंभला, पाहावयास मिळतो. तेथील वसाहत प्रामुख्याने रासायनिक कारखान्यांची झाली. रोजगार आला, आणि त्याबरोबर विहिरींच्या पाण्याविषयीच्या व उग्र वासाविषयीच्या तक्रारीही आल्या. म्हणूनच पाटसच्या बाजूला हलक्या उद्योगांसाठी जागा राखावी, हा विचार आम्हांस महत्त्वाचा वाटतो. हलके उद्योग म्हणजे शेतीची अवजारे, सुटे भाग, दुधावरची प्रक्रिया, गोदामे, लाकूडकाम; ज्यांना पाणी थोडे लागते आणि धूर बेताचाच असतो.

गंमत अशी की, असे उद्योग दौंड तालुक्यात आराखड्याची वाट न पाहता आधीच आले आहेत. केडगाव-यवतच्या बाजूची गुऱ्हाळे पाहा! पाटसला भीमा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पण चुलवाण काही विझले नाही. मात्र एकेक गुऱ्हाळ आपापल्या वावरात, आपापल्या बोअरवर. जळणात काय घातले हे कोणी विचारायचे, हा वादच आहे. ज्यांच्यासाठी आखीव जागा हवी ते हेच लोक. चार एकरांचा नव्हे, चार गुंठ्यांचा भूखंड त्यांना परवडेल.

जागा म्हटली की सगळ्यांची नजर गायरानाकडे वळते. पण २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींबाबत कडक निर्णय दिला आणि राज्य शासनानेही गायराने वाटण्यावर बंधन घातले. तेव्हा खासगी जमीन घ्यावी लागेल, आणि कालव्याखालची बागाईत घ्यायची की कोरडवाहू माळ, हा प्रश्न कागदावर नव्हे, बांधावर उभे राहून सोडवावा लागेल. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ साली स्थापन झाले, तेव्हा दौंड तालुक्याचा काही भाग त्यात गेला. म्हणजे एकाच तालुक्यात आराखडा करणारे हात आणखी वाढले.

या सर्वांनी मिळून एक गोष्ट भूखंड पाडण्यापूर्वी ठरवावी, असे आमचे मागणे आहे: सांडपाणी कोठे जाणार? या तालुक्यातला उतार भीमेकडे आहे, आणि दौंडच्या खाली भीमेचे पाणी थेट उजनीच्या फुगवट्याला मिळते. ते पाणी सोलापूरकर पितात.