लुटीतला सिंह

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, तह आणि तलवारी उभ्या राहतात. परंतु मांडीवर मावेल अशा मुक्या जनावराच्या पाठीशीही साम्राज्यांचा इतिहास असू शकतो. पेकिनीज जातीचे कुत्रे हे त्याचे उदाहरण होय.

वजन पाच किलोच्या आसपास, तोंड चपटे, डोळे टपोरे, मानेभोवती आयाळीसारखे दाट केस आणि चाल डुलत डुलत. स्वभाव मात्र एखाद्या इनामदाराला शोभेल इतका मानी. याला चीनमध्ये सिंहश्वान म्हणत. वास्तविक चीनच्या रानात सिंह नाही. तो तेथे दिसला तो क्वचित नजराण्यातून, आणि मनांत ठसला तो बौद्ध धर्माबरोबर. ज्या धर्माचा संस्थापक शाक्यसिंह म्हणून ओळखला जातो, त्याच्या मंदिरांचा रक्षक सिंहच असणार! शिल्पकारांनी तो दगडात कोरला. राजवाड्यातील श्वानपालकांनी तो जणू हाडामांसात घडवला. काही कुत्री तर इतकी लहान, की झग्याच्या रुंद बाहीत सहज मावत. गंमत अशी, की २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासात लांडग्याला जवळच्या ठरलेल्या प्राचीन जातींत या लाडावलेल्या प्राण्याचा समावेश झाला.

आता १८६० सालाकडे वळू. दुसरे अफूचे युद्ध शेवटास आले होते. या अफूपैकी माळव्याचा माल आपल्या मुंबई बंदरातून चीनला जात असे, हे आपण विसरता कामा नये. इंग्रज-फ्रेंच फौजा पेकिंगवर चालून आल्या. त्यांत हिंदी पलटणीही होत्या. बादशहा शियानफंग जेहोलला निघून गेला आणि युआनमिंगयुआन हा बागांचा, महालांचा अपूर्व परिसर लुटला गेला. पुढे, कैद केलेल्या आपल्या माणसांचे हाल होऊन त्यांतील काही मेल्याचे कळताच लॉर्ड एल्गिनने तो जाळण्याचा हुकूम दिला. हाच एल्गिन १८६२ साली हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि १८६३ मध्ये धरमशाला येथे वारला.

त्या लुटीत पाच छोटी कुत्री सापडली. त्यांतील एक कॅप्टन डन याने राणी व्हिक्टोरियाला नजर केली. राजघराण्यात तिचे नाव पडले ‘लूटी’! इंग्रजीत रुळलेला ‘लूट’ हा शब्द मूळचा आपल्याकडचा. सुरतेच्या लुटीमुळे आपल्या शाळकरी मुलांच्याही परिचयाचा. जिंकणाऱ्याने हिंदुस्थानातून शब्द उचलला, चीनमधून कुत्री उचलली आणि एकाचे नाव दुसरीला दिले. त्या नावात पश्चात्ताप नव्हता, संकोचही नव्हता. १८६१ साली काइल या चित्रकाराने लूटीचे चित्र काढले. १८७२ साली ती मरण पावली. पेकिंगमध्ये राजमाता त्सूशीने ही कुत्री हौसेने बाळगली. १९०८ मध्ये ती वारली, आणि चार वर्षांत साम्राज्यही गेले.

परंतु या जातीची खरी परीक्षा पुढेच होती. विलायतेतील प्रदर्शनांत चपटे तोंड हे सौंदर्य ठरले आणि पैदास करणारे ते पिढ्यान्‌पिढ्या अधिकच चपटे करीत गेले. नाक आत गेले, श्वासाचा मार्ग अरुंद झाला. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. ज्याला श्वासच पुरत नाही त्याने उन्हाळा कसा सोसावा? २००८ साली बीबीसीच्या माहितीपटाने या प्रकारावर कोरडे ओढले, तेव्हा ब्रिटनच्या केनेल क्लबने नियम बदलून मुस्कट स्पष्ट दिसलेच पाहिजे असे ठरवले.

म्हणून हे कुत्रे पाळू पाहणाऱ्याने आधी त्याचा श्वास ऐकावा. घोरणे हे लाडाचे लक्षण नव्हे. फिरवायचे ते सकाळी किंवा संध्याकाळी. गळपट्ट्याऐवजी छातीभोवतीचा पट्टा बरा. केस रोज विंचरावेत, चेहऱ्याच्या घड्या पुसून कोरड्या ठेवाव्यात. डोळे बाहेर आलेले असल्याने त्यांना चटकन इजा होते. लाली किंवा पाणी दिसताच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. वजन वाढू देऊ नये, उंचावरून उड्या मारू देऊ नयेत.

श्रोतेहो, युआनमिंगयुआन लुटणाऱ्यांना आज आपण सहज दोष देतो. परंतु एका प्राण्याचा वाडा लुटणे आणि आपल्या हौसेसाठी त्याचा श्वास लुटणे, यांत अंतर कितीसे आहे? पहिली लूट परक्या फौजांनी केली. दुसरी मात्र त्याला मांडीवर घेऊन गोंजारणारेच करतात, आणि ती थांबवणे सर्वस्वी त्यांच्याच हाती आहे.