मनाचा उपचार आणि तुलनेची कसोटी



जालना जिल्ह्यांतील भोकरदन तालुक्यांत हसनाबाद नांवाचें गांव आहे. तेथील एखाद्या शेतकऱ्याच्या हातीं आज मोबाइल फोन असतो, आणि कांहीं आठवडे अमुक पाठ गिरविले असतां मन प्रसन्न होईल, असें आश्वासन त्याच फोनवर त्यास मिळतें. पाठ संपल्यावर त्यास बरें वाटलें, तर तें पाठांमुळें, कीं मध्यंतरीं पाऊस चांगला पडल्यामुळें? आणि वाटलें नाहीं, तर तो पाठांस दोष न देतां बहुधा स्वतःसच दोष देईल. म्हणून या प्रश्नाचा इतिहास जाणून घेणें अगत्याचें आहे.

उपचाराची परीक्षा तुलनेनें करण्याचें एक उदाहरण आपल्या मुंबईंतच घडलें. १८९७ च्या जानेवारींत भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला, तेव्हां डॉ. हाफकिन यांनीं आपली लस स्वखुषीनें पुढें आलेल्या कैद्यांस टोंचली. न टोंचलेले कैदीही त्याच भिंतींआड राहत होते. म्हणून टोंचलेल्यांत प्लेग कमी आढळला, या गोष्टीस पुराव्याचें मोल आलें. तथापि एक उणीव राहिली. आपण होऊन पुढें येणारा मनुष्य मुळांतच निराळ्या प्रकृतीचा असूं शकतो. ती उणीव दूर करण्यासाठीं गटांची निवड दैवावर सोपविण्याची रीत पुढें आली. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटनमधील परीक्षा याच रीतीनें झाली, आणि तिचे निष्कर्ष १९४८ सालीं प्रसिद्ध झाले.

हीच कसोटी मनाच्या दुःखास लावतां येईल काय? गोव्यांतील 'संगाथ' या संस्थेनें १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ती लावून पाहिली. तीव्र नैराश्यानें ग्रासलेल्या ४९५ प्रौढ स्त्रीपुरुषांचे असेच दोन गट पाडले. केंद्रांतील उपचार दोघांसही मिळाले; एका गटास त्याशिवाय समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटी मिळाल्या. हे समुपदेशक मनोविकारतज्ज्ञ नव्हते, शिकवून तयार केलेले सामान्य लोक होते. सुटलेलीं लहानसहान कामें आणि तुटलेल्या भेटीगांठी पुन्हां सुरू करविणें, हा त्यांच्या उपायाचा गाभा. तीन महिन्यांनीं त्या गटांतील शेंकडा ६४ जण नैराश्यांतून बाहेर आले, असें 'लॅन्सेट'मध्यें २०१७ सालीं छापून आलें. पण भेटी न मिळालेल्यांतही शेंकडा ३९ जण बाहेर आले होते! दुसरा गट नसता, तर सर्व ६४ चें श्रेय भेटींस दिलें गेलें असतें. खरा लाभ शेंकडा २५ चा, आणि तोही थोडा नव्हे.

संगणकावरील पाठांची परीक्षा ऑस्ट्रेलियांत झाली. तिचा वृत्तान्त २००४ सालचा. ५२५ जणांपैकीं एका गटास वर्तनाचे पाठ, दुसऱ्यास नैराश्याची माहिती आणि तिसऱ्यास केवळ फोनवरील संभाषण देण्यांत आलें. पहिल्या दोन्ही गटांस तिसऱ्यापेक्षां अधिक गुण आला. मात्र त्या दोन गटांसही दर आठवड्यास कोणीतरी फोन करीत असे. जे लोक कोणाच्या पाठपुराव्याविना असे पाठ उघडतात, त्यांतील बहुतेक मध्येंच सोडून देतात.

तेव्हां अशा पाठांविषयीं तीन प्रश्न अवश्य विचारावेत. तुलनेस दुसरा गट होता काय? त्या गटास काय दिलें होतें? आणि किती जणांनीं पाठ अर्ध्यावर टाकले? उत्तरें मिळेपर्यंत हसनाबादच्या त्या खिन्न गृहस्थास केवळ फोनच्या हवालीं करूं नये. २०२२ पासून १४४१६ या सरकारी क्रमांकावर, फोनच्या पलीकडे निदान बोलणारा मनुष्य तरी भेटतो.